जिन्यातली भेग आणि बाईंचा फोटो

नकाशेकाकांनी एकतीस वर्षांत आपल्या बायकोचे जे फोटो काढले, ते सगळे जोडले तर एक अख्खी बाई तयार होईल. पण सुटे घेतले तर एकही पुरा भरत नाही. एकात हनुवटीपासून खाली सगळं आहे, वर नुसतं आकाश. एकात डोकं आहे, पण पाठमोरं. एकात चेहरा अगदी समोर आलाय आणि डोळे मिटलेत. बाकीच्या सगळ्यांत बाई हललेल्या आहेत, म्हणजे त्यांच्या जागी कपड्यांच्या रंगाचा एक पट्टा डावीकडून उजवीकडे गेलेला दिसतो.

यात काकांचा दोष निम्माच धरायचा. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मुळात एका जागी ठरणाऱ्या नव्हेतच. फोटोला उभं केलं की त्यांना नेमकी शेजारच्याची कॉलर नीट करावीशी वाटे, नाहीतर मागच्या खिडकीचा पडदा खुपे. काका "हं, बघा इकडे" म्हणेपर्यंत बाई चौकटीबाहेर गेलेल्या असत. काकांचा उरलेला निम्मा दोष त्यांच्या नोकरीचा. भूमापन कचेरीत नकाशा विभागात ते मुख्य आरेखक. तीस वर्षं जमिनीचे नकाशे काढले. जमीन हलत नाही, डोळे मिटत नाही, आणि "झालं का तुमचं?" असं विचारत नाही. त्यामुळे माणसांची सवयच राहिली नव्हती. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे नकाशेकाका म्हणत आणि बाईंना बाई.

तर या बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. शाळेच्या मोठ्या दालनात आधीच्या सात मुख्याध्यापिकांचे फोटो ओळीने टांगलेले होते आणि आता आठवा लागणार होता. ते सातही चेहरे असे होते की तपासणी अधिकारी दारात उभे आहेत, हे त्यांना त्याच क्षणी कोणीतरी सांगितलं असावं.

"मी शनिवारी स्टुडिओत जाऊन येते," बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "कोपऱ्यावरचा तो बरे काढतो म्हणे."

काकांच्या हातातला पेपर खाली आला. "घरात कॅमेरा असताना?"

"कॅमेरा आहे हो. फोटो कुठे आहे?"

"हे बरं आहे. एकतीस वर्षं मी काय केलं मग?"

"तेच म्हणतेय मी." बाईंनी कप पुढे सरकवला आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो, रागावू नका. त्या भिंतीवर मी कायमची राहणार आहे. तिथे तरी माझे डोळे उघडे हवेत."

काका रागावले नाहीत. काकांना लागलं, आणि ते रागापेक्षा वाईट. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने काढलेला फोटो त्या भिंतीवर चढला की तो नुसता बाईंचा फोटो नसणार, तो काकांच्या एकतीस वर्षांच्या नापासाचा दाखला असणार, तोही चौकटीत घालून, हे त्यांना लख्ख दिसलं. "मला तीन आठवडे दे," ते म्हणाले. "अठ्ठाविसाव्या तारखेपर्यंत जमलं नाही, तर खुशाल जा स्टुडिओत." बाईंनी मान हलवली. वर्गातली ढ मुलगी 'पुढच्या परीक्षेत नक्की' म्हणते, तेव्हा त्या अशीच मान हलवत.

त्याच संध्याकाळी काकांनी वह्या-पेनांच्या दुकानावरच्या माळ्यावर चालणाऱ्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे सर काकांच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी बाईंचे सगळे जुने फोटो टेबलावर पसरले आणि एकेक उचलून दिव्यासमोर धरून बघायला लागले. डॉक्टर असा वेळ घेतात तेव्हा नातेवाईकांचं काय होतं, ते काकांना कळलं.

"काका, तुम्हाला समोरचा माणूस दिसतो, उजेड दिसत नाही," शेवटी सर म्हणाले. "पहिला आठवडा फक्त सावल्या. माणसाचा एकही फोटो नाही. दुसरा आठवडा क्लोज-अप. जवळ गेलो असं वाटलं की आणखी जवळ जायचं. एवढं केलंत की तिसऱ्या आठवड्यात तुमच्या घरच्यांचा चेहरा आपोआप उमजेल."

सरकारी माणसाला 'करा' म्हटलं की तो विचार करतो, पण 'रोज करा' म्हटलं की तक्ता आखतो. काकांनी तक्ता आखला. सकाळी सात दहा, जिन्याचा कठडा. सात चाळीस, गच्ची. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस धड बसेना. चहा उभ्याने, पेपर चालताना. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की हातातलं टाकून उठायचं. ऊन काही काकांसाठी थांबत नव्हतं, आणि काका उन्हाच्या मागे चार मजले वर-खाली करत होते. दोन दिवसांत गुडघे बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी बोलायला लागल्या. त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांची सावली समोरच्या भिंतीवर फारच सुरेख पडली होती आणि काका गुडघ्यावर बसून ती टिपत होते. "भावजी, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढताय तुम्ही?" वहिनींनी गॅलरीतून विचारलं. चार खिडक्या उघडल्या.

"कपड्यांचे नाही हो वहिनी. कपड्यांच्या सावलीचे."

"ती सावली कुणाची मग?"

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. इतरांच्या वस्तूंच्या सावल्या टिपण्याआधी लेखी कळवावं, असं त्यांनी तोंडी कळवलं.

म्हणून काकांनी बिल्डिंग सोडली आणि रस्ता धरला. कचेरीच्या वाटेवर सरकारी कोषागाराचं जुनं लोखंडी फाटक होतं. साडेआठ वाजता त्याच्या नक्षीची सावली फुटपाथवर अशी उतरे की, सरांना दाखवली तर सर वर्ग बंद करून काकांकडे शिकायला येतील. काका नुसते वाकले, तोच पहारेकरी आला.

"काय चाललंय?"

"सावलीचा फोटो."

"फाटक सरकारी आहे."

"पण सावली फुटपाथवर आहे," काका म्हणाले. मालकीहक्काच्या बाबतीत हा माणूस कच्चा नव्हता.

पहारेकऱ्याने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि आपल्याला झेपणार नाही असं दिसताच काकांना आत साहेबांकडे नेलं. साहेब भले होते. ते म्हणाले, अर्ज करा. फाटक आमचं आहे, फुटपाथ नगरपालिकेचा आहे, तेव्हा अर्ज दोन प्रतींत करा. आणि सावली हलती असते, तेव्हा अर्जात तिच्या चारी सीमा लिहा. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून निघून गेला असता. काकांना मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी समजुतीचं बोललं असं वाटलं. त्यांनी टेप काढला, साडेआठच्या सावलीची मोजणी केली, आणि रात्रीच्या जेवणाआधी तिचा रीतसर नकाशा काढला. चारी सीमा, उत्तर दिशेचा बाण, आणि खाली उजव्या कोपऱ्यात प्रमाण. ज्या नकाशावर प्रमाण नाही तो नकाशा नव्हे, ते चित्र, असं ते हाताखालच्या नव्या मंडळींना पहिल्याच दिवशी सांगत. सहाव्या दिवशी परवानगी आली. सातव्या दिवशी काका कॅमेरा घेऊन पोचले, तर फाटक रंगवायला काढून नेलेलं.

दुसरा आठवडा क्लोज-अपचा. आता काका बाहेर जात नव्हते, ही घरच्यांची सोय म्हणावी तर तसंही नाही. साखरेच्या डब्यावरची मुंगी, साबणावरचा केस, स्वतःच्या अंगठ्याचं नख. बाई पेपर वाचत होत्या तेव्हा त्यांच्या कानापाशी चार बोटांवर लेन्स आली.

"अहो, काय हे?"

"हलू नकोस. कानाची पाळी फार छान आलीय."

"शाळेच्या भिंतीला माझा कान लावणार आहात का?" बाईंनी पान उलटलं आणि फोटोत कानाच्या जागी पेपरमधली हवामानाची बातमी आली.

काकांची तगमग वाढत चालली होती. सोळा तारीख, सतरा तारीख. सर म्हणत होते, अजून जवळ. काका बशीच्या कडेला नाक लावून बसत होते. आणि अठरा तारखेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, त्यांना ती भेग दिसली.

भेग म्हणजे काय, केसासारखी. रंगाला पडलेली, वीतभर लांब. पण जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं. काकांनी लेन्स भिंतीपासून दोन बोटांवर नेली, श्वास धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर जे आलं ते बघून त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे खोल काळी दरी, कड्यांवर सोनेरी ऊन. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून फोटो निघाला, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटण्यात चूकही नव्हती. त्यांनी तो सरांना पाठवला. मग, ज्यांनी आपल्याला दोन आठवडे हसून घेतलं त्यांनाही जरा कळू दे म्हणून, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली दोनच वाक्यं लिहिली. 'आपल्याच जिन्यातली. आज सायंकाळी.'

सरांचं उत्तर आलं, 'वा.' बिल्डिंगचं उत्तर दार ठोठावत आलं.

सर्वांत पुढे चौथ्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षं दवाखान्यात काढल्याने त्यांना माणूस, स्कूटर आणि भिंत यांचं निदान सारख्याच आत्मविश्वासाने करता येई. "हे आजचं नाही," फोन डोळ्यांपासून लांब धरत ते म्हणाले. "हे जुनं दुखणं आहे. वरून एवढं दिसतंय म्हणजे आत पाया पोखरलाय."

"अहो, ती बारीकशी भेग आहे. चला, दाखवतो," काका म्हणाले आणि सगळी वरात जिन्यात घेऊन आले. त्यांनी बोट ठेवलं. सगळ्यांनी बोटाकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग एकमेकांकडे.

"ही नव्हे," सेक्रेटरी म्हणाले.

"हीच."

"काका, आम्ही काय आंधळे आहोत? फोटोतला तडा केवढा आहे. ही तर दिसतही नाही. खरा तडा कुठाय तो दाखवा."

"लोक घाबरतील म्हणून लपवतायत ते," वहिनी हळूच म्हणाल्या. हे मत सर्वांना पटलं.

मग खऱ्या तड्याचा शोध सुरू झाला. जिन्यातली सायकल हलवली, मीटरचा खोका उघडला, तळमजल्यावरच्यांचं कपाट ओढून मागे पाहिलं. शोधलं की सापडतं. रात्री आठपर्यंत प्रत्येकाला स्वतःच्या घरात एकेक तडा सापडला होता आणि ज्यांना सापडला नाही ते जास्त घाबरले होते. पहिल्या मजल्यावरच्यांनी सासूबाईंना त्यांच्या मुलीकडे पोचतं केलं. सासूबाई म्हणे स्वतःहून लगेच तयार झाल्या. जिना एकेकाने चढावा आणि चवड्यांवर चढावा, असा ठराव झाला. काका ज्याला त्याला सांगत राहिले की मी फार जवळून काढलाय हो. पण राईचा पर्वत झाल्यावर राई दाखवणाऱ्याचं कोण ऐकतो. तोवर सेक्रेटरींनी फोटोसकट तक्रार नगरपालिकेला पाठवलीसुद्धा होती.

एरवी गटाराच्या झाकणासाठी वर्ष घालवणारी नगरपालिका तिसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. जिन्यात टेकू लागले. दर्शनी भिंतीला बांबूंची परांची बांधली आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवं जाळीचं कापड सोडलं. काकांची पूर्वेची गॅलरी त्या कापडामागे गेली. तीच गॅलरी, जिथल्या सकाळच्या उजेडात बाईंचा फोटो काढायचा हे तिसऱ्या आठवड्याच्या तक्त्यात लाल शाईने लिहिलेलं होतं.

तरी काकांनी पाच दिवस धडपड केली. गॅलरीत काढला, तर बाई हिरव्या आल्या. स्वयंपाकघरात दिव्याखाली काढला, तर पिवळ्या. गच्चीला टाळं. बाईंचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. तीस वर्षांची शाळा सुटायची होती. त्या उगाचच कपाटं लावत, लावलेली पुन्हा काढत. दोन मिनिटं खुर्चीत बसवलं तर तिसऱ्या मिनिटाला "ते निकालपत्रकांचं सांगायचं राहिलंच" म्हणत उठून जात. खुर्चीचे मात्र चार फोटो अतिशय चांगले आले.

सत्तावीस तारखेला बाई म्हणाल्या, "मी उद्या सकाळी जाते त्या स्टुडिओवाल्याकडे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भरपूर केलंत तुम्ही."

काका म्हणाले, "जा."

एवढंच म्हणाले. मग कचेरीतून लवकर निघून आले आणि जिन्याच्या त्याच वळणावर, टेकूशेजारी, पायरीवर बसून राहिले. वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. सावल्यांपायी वहिनींशी वाकडं आलं, भेगेपायी बिल्डिंगशी. आणि जिच्यासाठी हे सगळं मांडलं, तिचा चेहरा होता तिथेच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं ते टेकूला सांगत होते, तेवढ्यात नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई चवड्यांवर चालणाऱ्या सेक्रेटरींना घेऊन वर आल्या. मागून कंपाउंडर.

इंजिनिअर बाईंच्या हातात फोटोची मोठी प्रत होती. त्यांनी फोटो पाहिला, भिंत पाहिली, भेगेवरून नख फिरवलं. "हा फोटो कोणी काढलाय?"

"मी," काका उभे राहिले.

"छान आहे. पण याचं प्रमाण कुठे लिहिलंय?"

काकांनी फोटोचा खालचा उजवा कोपरा पाहिला. तो कोरा होता.

"म्हणजे शेजारी एखादी पट्टी, निदान नाणं तरी ठेवायचं. त्याशिवाय आकार कळणार कसा? तुम्ही काय करता?"

"भूमापन कचेरीत," काका म्हणाले. "मुख्य आरेखक."

इंजिनिअर बाई सज्जन होत्या. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या आणि त्यामुळे काकांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत ज्याने एक कागद प्रमाणाशिवाय पुढे जाऊ दिला नाही, त्याने जन्मातला एकुलता एक बरा फोटो प्रमाणाशिवाय जगापुढे मांडला होता.

"अहवालाला नवीन फोटो लागेल, पट्टी धरून," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "कॅमेरा आहे ना? आहे का कोणाकडे पट्टी?"

"माझ्याकडे आहे," खालून आवाज आला. बाई शाळेतून येत होत्या. त्या जिना चवड्यांवर कधीच चढल्या नव्हत्या. पिशवीतून त्यांनी लाकडी फूटपट्टी काढली. तीस वर्षं ती टेबलावर आपटून वर्ग गप्प केले होते, आणि आज टेबल रिकामं करताना ती तेवढी घरी आणली होती. "कुठे धरू? इथे?"

त्यांनी पट्टी भेगेला लावली आणि धरून ठेवली. घट्ट धरली, कारण काम होतं. काम सोपवलं की बाई कशा स्थिर उभ्या राहतात, हे शाळेतल्या हजार मुलींना माहीत होतं, फक्त काकांना आजवर माहीत नव्हतं. खिडकीतून ते संध्याकाळचं तिरपं ऊन आलं. शेजारच्या टेकूची एक सावली बाईंच्या खांद्यावरून खाली उतरली. काका आता सावली बघत नव्हते, उजेड बघत नव्हते, सर आठवत नव्हते. त्यांना पट्टीवरचे आकडे स्पष्ट हवे होते, बस्स. कॅमेरा डोळ्याला लावून ते दोन पावलं मागे गेले, कारण पट्टी पुरी आली पाहिजे.

आणि बाईंनी पहिल्यांदाच ती भेग नीट पाहिली.

"ही?" त्या म्हणाल्या. "या केसाएवढ्या भेगेसाठी अख्खी बिल्डिंग आठवडाभर चवड्यांवर चालतेय?" त्यांनी चवड्यांवर उभ्या सेक्रेटरींकडे पाहिलं, मग कॅमेऱ्यामागच्या नवऱ्याकडे, आणि त्यांना हसू आलं. पट्टी मात्र हलली नाही. काकांनी बटण दाबलं.

भेग रंगाची निघाली. रुंदी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. कंपाउंडर म्हणाले, आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

अहवालासाठी फोटो पाठवायचा म्हणून काकांनी घरी येऊन तो मोठा करून पाहिला. पट्टीवरचे आकडे स्पष्ट होते. मग त्यांची नजर आकड्यांवरून बाईंच्या चेहऱ्यावर सरकली आणि तिथेच राहिली. बाई चहा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या, तरी त्यांना कळलं नाही.

"हा द्या," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"भिंतीला."

"अगं, त्यात भेग दिसतेय."

"माझे डोळे उघडे आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा खाली ठेवला आणि वाकून फोटो पाहिला. "मी अशी दिसते होय?"

"अशीच दिसतेस," काका म्हणाले. "एकतीस वर्षं दिसतेस. मला घेता येत नव्हतं."

अठ्ठावीस तारखेला दोघं स्टुडिओत गेले, पण फोटो मोठा करून चौकटीत घालायला. स्टुडिओवाल्याने तो पाहिला, एकदा काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चांगला काढलाय. ही भेग पुसून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नका तिला," बाई म्हणाल्या. "ती नसती तर मी हसले असते का?"

निरोपाच्या समारंभात आठवी चौकट भिंतीवर चढली. दचकलेल्या सात बायकांच्या शेजारी हातात फूटपट्टी घेतलेल्या, हसणाऱ्या बाई. मुलींनी टाळ्या वाजवल्या, काका शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसले होते, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा पाय हलत नव्हता. शाळेच्या समितीचे अध्यक्ष चष्मा लावून फोटोसमोर उभे राहिले. जवळ गेले, आणखी जवळ गेले. मग वळून शिपायाला म्हणाले, "अरे, इथे भिंतीला तडा गेलेला दिसतोय. नगरपालिकेला कळवा उद्याच."

"आधी खाली वाचा, साहेब," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष वाकले. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे फोटो काढणारा सही करतो, तिथे काळ्या शाईने, बारीक, नकाशावरच्या अक्षरात लिहिलं होतं : 'प्रमाण – बाईंच्या हातातल्या पट्टीप्रमाणे.'